गोष्ट लिहायला शिकताना

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या व्यासपीठावरून एखादे डॉक्टर, एखादे वकील किंवा स्पर्धा परीक्षेत यशस्वी झालेला एखादा तरुण आपल्याशी बोलतो. यंदा चिटणीस साहेबांनी माझ्यासारख्या निवृत्त मराठी शिक्षकाला बोलावले आणि विषय विचारला. गोष्ट लिहायला कसे शिकतात यावर बोलेन, असे मी म्हणालो तेव्हा ते क्षणभर गप्प झाले. मग हळूच म्हणाले, "सर, पालकांना चालेल ना?" चालेल की नाही ते आपण शेवटी ठरवावे.

मी 31 वर्षे निबंध शिकवले. 'पावसाळ्यातील एक दिवस' आणि 'मी पाहिलेली जत्रा' हे निबंध किती हजार तपासले असतील, त्याचा हिशेब नाही. शुद्धलेखनाच्या चुकांवर तांबड्या शाईने गोल करणे आणि खाली 'ठीक' असे लिहिणे यात माझा जन्म गेला. पण या 31 वर्षांत मी स्वतः एकही गोष्ट लिहिली नव्हती, ही कबुली आज आपल्यासमोर देतो. पोहता न येणाऱ्याने काठावर उभे राहून पोहणे शिकवावे, तसा तो प्रकार होता.

2020 च्या टाळेबंदीत घरी बसून कंटाळलो होतो. मुलाने आपल्या संगणकावर एक अभ्यासक्रम उघडून दिला. तो इंग्लंडच्या ओपन युनिव्हर्सिटीचा होता, 'स्टार्ट रायटिंग फिक्शन' या नावाचा, म्हणजे कथालेखनाची सुरुवात. आठ आठवड्यांचा, घरबसल्या करण्याचा आणि विनाशुल्क. प्रमाणपत्र हवे असेल तरच पैसे. मी प्रमाणपत्र घेतले नाही. माझ्या वयाला ते कुणाला दाखवायचे?

या विद्यापीठाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण त्याचा संबंध आपल्या मुलांशी, आणि विशेषतः मुलींशी, येतो. 1969 साली त्याला सनद मिळाली आणि 1971 साली पहिले विद्यार्थी दाखल झाले. ज्यांना कामधंद्यामुळे किंवा घरच्या अडचणीमुळे कॉलेजचे तोंड पाहता आले नाही, त्यांच्यासाठी ते काढले गेले. प्रवेशाला आधीची कोणतीही परीक्षा पास असण्याची अट ठेवली नाही. धडे पोस्टाने येत, व्याख्याने रेडिओ आणि टेलिव्हिजनवर होत. पुढे आपल्या देशातही तशी विद्यापीठे निघाली. आंध्रात 1982 साली, दिल्लीला इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ 1985 साली, आणि आपल्या नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 साली. पोस्टाची जागा आज इंटरनेटने घेतली आहे, एवढाच काय तो फरक.

माझी कल्पना होती की, कथेची व्याख्या, कथेचे घटक, कथेचे प्रकार असे धडे असतील. मी वही आखून बसलो. पण व्याख्या आलीच नाही. सुरुवातीलाच सांगण्यात आले की, पन्नास ते शंभर शब्दांचा एक परिच्छेद लिहा. त्यात एक गोष्ट खरी असू द्या आणि तीन कल्पित. मग दुसरा लिहा. त्यात तीन गोष्टी खऱ्या आणि एक कल्पित.

आपल्याला हा पोरखेळ वाटेल. मलाही वाटला. पण लिहायला बसलो आणि घाम फुटला. खोट्या तीन गोष्टी सहज सुचतात, खरी एक सापडत नाही! आपण रोज ज्या घरात राहतो, त्या घराविषयी आपल्याला खात्रीने काय माहीत असते? मी लिहिले, "आमच्या घरी कापूस पिंजण्याचा धंदा होता." पुढे काय लिहावे कळेना. तो खोलीत कुठे असायचा, त्याला वास कसा होता, अब्बा कामाला बसताना तोंडाला काय बांधायचे, हे सारे पुसट झाले होते.

दुसरी सूचना वहीची. खिशात मावेल अशी वही जवळ बाळगावी आणि पाहिलेले, ऐकलेले, मधेच आठवलेले त्यात टिपावे. याविषयी काही नामवंत कादंबरीकारांची बोलणी ऐकवली होती. त्यांत एक गृहस्थ होते अब्दुलरझाक गुर्ना. नाव आपल्यासारखे वाटले म्हणून कान टवकारले, एवढेच. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर 2021 मध्ये, त्यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले तेव्हा मी चकित झालो. हे गृहस्थ मूळचे झांझिबार बेटाचे, जन्म 1948 चा. तिथल्या क्रांतीनंतरच्या छळामुळे तरुणपणीच देश सोडून इंग्लंडला आले. मायबोली स्वाहिली, लेखन इंग्रजीत. परमुलखात आल्यावर, एकविसाव्या वर्षी, ते लिहू लागले. जे मागे सुटले होते त्याविषयी लिहू लागले, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

अभ्यासक्रमात माणसे रंगवण्यावर बराच भर होता. ओळखीचे माणूस घ्या, त्यात दुसऱ्याचे काही मिसळा, त्याला काय हवे आहे आणि ते त्याला का मिळत नाही ते शोधा, असे सांगत. शेवटी हजार शब्दांपर्यंतची गोष्ट लिहून द्यायची होती. ती तपासायला मास्तर नव्हता. आपल्याबरोबर शिकणारेच आपली गोष्ट वाचणार आणि आपण त्यांची. तांबड्या शाईची सवय असलेल्या माझ्यासारख्याला हा मोठाच धक्का होता.

मी माझ्या आपाची गोष्ट लिहिली. आपा माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. पाचवीत तिची शाळा सुटली आणि ती अब्बांच्या हाताखाली गाद्यांच्या खोळी भरू लागली. आमच्या घरात हे नेहमी असे सांगितले जाई की, तिला अभ्यासाची आवड नव्हती, तिनेच शाळा नको म्हटले. मी तसेच लिहिले. गरीब घर, कष्टाळू बाप, खेळकर बहीण आणि शिकून मास्तर झालेला धाकटा भाऊ. आधी मराठीत लिहिले, मग शब्दकोश घेऊन इंग्रजी केले. मला ती गोष्ट उत्तम वाटली. माझ्याच हातचा निबंध असता तर मी दहापैकी आठ गुण दिले असते.

सोबतच्या एका बाईंनी कळवले, की गोष्ट नीट आहे, पण मला ते घर दिसत नाही. ते अवजार कसे वाजते? आणि त्या मुलीला शाळा आवडत नव्हती असे आपण म्हणता, ती शाळेत काय करायची?

पहिल्या प्रश्नाने मला राग आला, दुसऱ्याने मी गप्प झालो. कारण दोन्हींची उत्तरे मला ठाऊक नव्हती.

टाळेबंदीमुळे आपा तेव्हा आमच्याकडेच अडकली होती. रात्री जेवणानंतर ती जुन्या रजईचे टाके उसवत बसली होती. मी पिंजणीच्या आवाजाचे विचारले. तिने हातातले काम न थांबवता आवाज काढून दाखवला. तात कापसात बुडालेली असली की आवाज जाड येतो, कापूस मोकळा होत गेला की बारीक होतो, मोगरी जरा चुकली की नुसताच टणत्कार होतो. अब्बांचा हात थकला आहे हे ती स्वयंपाकघरातून आवाजावरून ओळखायची आणि चहा ठेवायची. मी त्याच घरात वाढलो, पण मला हे माहीत नव्हते. मी अभ्यास करीत होतो ना!

मग मी तिला सबंध गोष्ट वाचून दाखवली. 'तिनेच शाळा नको म्हटले' या वाक्यापाशी ती थांबली. म्हणाली, "शाळा नक्को, ऐसा मैं कब बोली?"

पुढे जे तिने सांगितले ते थोडक्यात असे. पावसाळ्याच्या तोंडावर काम वाढले होते, अम्मी आजारी होती, हाताखाली कोणी नव्हते. अब्बांनी तिला सांगितले की, उद्यापासून घरी राहा. त्याच आठवड्यात माझे नाव पहिलीत घातले. मला पहिल्या दिवशी शाळेत सोडायला तीच आली. तिच्याच शाळेत. दारात बाईंनी तिला विचारले, "तू आत येत नाहीस का?" ती काही न बोलता परत फिरली. हे सांगताना तिच्या आवाजात तक्रार नव्हती. टाके उसवणे चालूच होते.

मित्रहो, तीन खऱ्या आणि एक कल्पित असा तो पहिला पाठ मी पुन्हा काढून पाहिला. आमच्या घरातली कल्पित गोष्ट कोणती, ते मला वयाच्या साठीनंतर कळले. आणि ती मी रचलेली नव्हती. माझ्या सोयीसाठी घराने रचली होती.

मी गोष्ट फाडली आणि नव्याने लिहिली. पण त्याआधी आपाला विचारले की, लिहू का? घरातल्या माणसांविषयी लिहिणाऱ्याने हा प्रश्न स्वतःला तरी विचारलाच पाहिजे, असे मला वाटते. माणसाची ओळख झाकता येते, गाव बदलता येते, धंदा बदलता येतो, पण ज्याचे दुःख आहे त्याला ते ओळखू येतेच. आपाने परवानगी दिली. दोन अटी घातल्या. तिचे नाव येऊ नये, आणि अब्बांना वाईट ठरवू नये. "त्या रात्री ते जेवले नव्हते," ती म्हणाली. ही एक गोष्ट कळल्याबरोबर माझ्या कथेतला बाप निबंधातून उठून घरात येऊन बसला. आज हे सांगतो आहे तेही तिला विचारूनच. ती तिकडे महिलांच्या बाजूला बसली आहे. कुठली ते आपण शोधू नये.

नव्या गोष्टीचे इंग्रजी पहिलीपेक्षा मोडके होते. 'नक्को' हा शब्द मी तसाच ठेवला, कारण त्याचे 'नो' केले की आपा नाहीशी होत होती. वाचणाऱ्यांपैकी कुणीही अर्थ विचारला नाही. यावरून मला आपल्या मुलांचे आठवले. घरी आपण दखनी बोलतो, शाळेत मराठी, काहींची उर्दू, आणि मोबाईलवर इंग्रजी. शाळेत मी स्वतः कित्येक मुलांना घरच्या बोलीतला शब्द निबंधात आला म्हणून रागे भरलो आहे. ती माझी चूक झाली. पंधराव्या शतकानंतर श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' मराठीत लिहिला, 1990 साली सोलापूरला मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. म्हणजे मराठी आपल्याला परकी नाही. पण गादीच्या खोळीपासून बांगड्यांच्या टोपलीपर्यंत आपल्या घरांतले किती जीवन त्या भाषेत अजून उतरायचे आहे!

पालकांचा प्रश्न मला माहीत आहे. याने पोट भरते का? स्पष्ट सांगतो, नुसत्या गोष्टी लिहून बहुतेकांचे भरत नाही. आठ आठवड्यांत कोणी लेखकही होत नाही. मी झालो नाही. आठवा आठवडा संपेपर्यंत कितीजण टिकतात, हाही प्रश्नच असतो, कारण कान धरायला कोणी नसतो. इंग्रजी कच्चे असेल तर त्रास होतो. आणि आता तर यंत्राला सांगितले की ते अर्ध्या मिनिटात गोष्ट लिहून देते. मुले ती वर्गात आणतात, मी पाहिली आहेत, शुद्धलेखन माझ्यापेक्षा चांगले असते. पण त्या रात्री अब्बा जेवले नव्हते, हे त्या यंत्राला कोणी सांगायचे?

ज्या मुलींना दहावीनंतर घरी बसावे लागते, त्यांच्या पालकांना एक विनंती आहे. घरबसल्या शिकता येते हे खरे. पण त्यासाठी दिवसातून एक तास मोबाईल तिच्या हातात, आणि त्या तासात 'पाणी आण' म्हणून हाक मारणारे कोणी नाही, एवढी व्यवस्था लागते. घराघरांत मोबाईल आहेत. तो तास मात्र मिळत नाही.

चिटणीस साहेबांनी वाचनालयाची मागची खोली रविवारी सकाळी दहा ते बारा द्यायचे कबूल केले आहे. इंग्रजीची अडचण नको म्हणून तेच पाठ आपण मराठीत करू. घरची बोली चालेल. सध्या सहा विद्यार्थी येतात, त्यांत चार मुली आहेत. पालकांपैकी कोणाला बसायचे असेल तर मनाई नाही. पहिला पाठ आत्ताच सांगून ठेवतो. आपल्या घराविषयी तीन गोष्टी खऱ्या आणि एक कल्पित, शंभर शब्दांत. खऱ्या तीन घरातल्या मोठ्या बहिणीला किंवा आईला एकदा विचारून मग लिहाव्यात. वही ज्याची त्याने आणायची.