किती फुटांवर, किती इंची

पाचोऱ्यात कोणी बोअर घेतला, की पहिला प्रश्न ठरलेला: पाणी किती फुटांवर लागलं? दुसरा: किती इंची? पाणी नळीच्या आत शिरतं कुठून, हे सहसा कोणी विचारत नाही.

इथे ते चालूनही जातं. तालुक्याचा बराचसा भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा. वरची माती आणि मुरूम थोपवण्यापुरतं केसिंग, त्याखाली भोक उघडंच. कातळ ढासळत नाही, पाणी त्याच्या भेगांतून येतं. मात्र केसिंग पक्क्या कातळात न टेकता मुरुमातच संपलं, तर पावसाळ्यात गढूळ पाणी आलंच म्हणून समजा.

तापी ओलांडून यावल-रावेरच्या केळीपट्ट्यात गेलं, की गणित बदलतं. तिथे खाली वाळू, गाळ आणि चिकणमातीचे थरावर थर. उघडं भोक टिकणारच नाही. म्हणून ट्यूबवेलमध्ये खालपर्यंत पाइप उतरवतात: वाळूच्या थरासमोर खाचा असलेला जाळीचा, चिकणमातीसमोर कोरा.

खाच जास्त रुंद असली तर वाळू आत येते आणि पंपाचे इंपेलर झिजतात. खाचा अपुऱ्या असल्या तर पाणी बाहेरच अडतं. मग विहिरीतली पातळी नको तेवढी खाली जाते आणि तेवढ्याच पाण्याला वीज जास्त लागते. खाचेतून पाणी सेकंदाला 3 सेंटिमीटरपेक्षा जोरात शिरू नये, असा भूजलतज्ज्ञांचा ढोबळ नियम आहे. 200 मिलिमीटरच्या पाइपमधून सेकंदाला 10 लिटर पाणी हवं आहे, असं धरू. जाळीचा 10 टक्के भाग मोकळा असेल, तर साडेपाच मीटर जाळी पुरते. अडीच टक्केच मोकळा असेल, तर 21 मीटर लागते. हॅक्सॉने हाताने कापलेल्या खाचांचा पाइप इथेच मार खातो. शिवाय त्या खाचा एकसारख्याही नसतात.

पाइपभोवती धुतलेली, गोल खडी भरतात. नंतर कॉम्प्रेसरने पाणी मागेपुढे खेळवून बारीक रेती उपसून काढतात. घाईत हेच काम अर्ध्यावर सुटतं.

पारख घरच्या घरी होते. पंप सुरू होताच काचेच्या पेल्यात पाणी धरायचं आणि पेला दहा मिनिटं ओट्यावर हलू न देता ठेवायचा. तळाशी वाळू बसली, तर नवी मोटार घेण्याआधी खाली जाळी किती फुटांवर आणि कशी बसवली आहे, ते बोअरवाल्याला विचारायचं.