जीवनसत्त्व ताटातले आणि बाटलीतले
(जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



मुंबई-गोवा रस्त्यावर, पेण तालुक्यात गडब नावाचे गाव आहे. आपल्याकडे कापूस-ज्वारी, तिकडे भात आणि खाडीची मासळी. भात निघाल्यावर रायगडात जमिनीच्या ओलीवर वाल पेरतात. भात, वाल, मासळी म्हणजे पुरे ताट. आम्ही तिथे एका घरी जेवलो. ताटात गिरणीचा पांढराशुभ्र तांदूळ, फळीवर टॉनिकची बाटली. घरची म्हातारी म्हणाली, ‘पूर्वी उखळात कांडायचो, आता बाटली आणतो.’

म्हातारीचे गणित बरोबर आहे. तांदळावरचा कोंडा ही ‘ब-१’ जीवनसत्त्वाची कणगी. १८९० च्या दशकात जावा बेटावर आइकमन या डच डॉक्टरने पाहिले, की पॉलिशचा तांदूळ खाऊन कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंड्यासकट तांदूळ दिला की त्या पुन्हा उभ्या राहतात. माणसाच्या बेरीबेरी रोगाचे मूळ त्यातून हाती आले. १९२९ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. कोकणातला उकडा तांदूळ उगाच नाही. सालीसकट उकडताना कोंड्यातले सत्त्व दाण्यात उतरते.

आज कोंडा गिरणीत राहतो. मग १५ ऑगस्ट २०२१ रोजी पंतप्रधानांनी जाहीर केले, की २०२४ पर्यंत सरकारी योजनांतला तांदूळ पोषणद्रव्ये मिसळून दिला जाईल. आधी काढायचे, मग कारखान्यातून घालायचे!

तुम्ही म्हणाल, आपण भाकरी खातो, आपल्याला काय त्याचे? ज्वारी अख्खी दळतो, कोंडा पिठातच राहतो, हे खरे. पण १९६० साली हैदराबादच्या गोपालन आणि श्रीकांतिया या डॉक्टरांनी ज्वारी खाणाऱ्या गरिबांतला पेलाग्रा रोग जगापुढे मांडला. उघडी कातडी काळी पडून सोलते, जुलाब लागतात, डोके फिरते. रोगाचे कारण नायसिन या जीवनसत्त्वाचा तुटवडा. भाकरीसोबत डाळ, शेंगदाणे, दूध, अंडी असली तर हा रोग जवळ येत नाही. दोष एकट्या ज्वारीचा नव्हता, भाकरीशेजारच्या रिकाम्या जागेचा होता.

ती जागा आजही रिकामी आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५४ बायकांच्या अंगात रक्त कमी निघाले. यात आपल्याच लेकी-सुना आहेत. कापसात तुरीच्या ओळी होत्या, मूग-चवळी होती, बांधावर अंबाडी होती. तणनाशकाने घोळ, माठ, तांदुळजा गेला. आता डाळ विकत, भाजी विकत आणि वर टॉनिकही विकत.

बाटलीत काय असते? धडधाकट माणसाने जास्तीचे ‘क’ जीवनसत्त्व घेतले तर ते लघवीवाटे जाते. कापसाचे पैसे मोरीत! ‘अ’ आणि ‘ड’ तर अंगात साठतात, अति झाले की अपाय करतात. पालेभाजीत जीवनसत्त्वाबरोबर लोह असते, चोथा असतो. तिला चमचाभर तेलाची फोडणी द्या, म्हणजे ‘अ’ जीवनसत्त्वासाठी लागणारे द्रव्य अंगी लागते. वर लिंबू पिळले तर लोहही जास्त लागते.

पण गैरसमज नको. गोळी हे औषध आहे, आणि औषधाची वेळ असते. गरोदर बाईने लोह-फॉलिकच्या सरकारी गोळ्या घेतल्याच पाहिजेत. लेकरांना ‘अ’ जीवनसत्त्वाचा डोस चुकवू नका. ‘ब-१२’ दूध, अंडी, मासे, मटणातूनच मिळते, भाजी-भाकरीत नसते. दूधही न घेणाऱ्याला त्याची गोळी लागणारच. डॉक्टरने तपासून दिलेली गोळी आमचे भाषण ऐकून बंद करू नका.

आमचे म्हणणे एवढेच, की ताटाचे काम बाटलीवर सोपवू नका. येत्या खरिपात कापसात तुरीच्या ओळी धरा. घरामागे सांडपाण्यावर शेवगा लावा. तूर विकण्याआधी वर्षाची डाळ घरात ठेवा. आणि घरच्या बाईचे ताट सर्वांच्या शेवटी, उरल्यासुरल्यावर वाढले जाऊ नये, हे आजच ठरवा. जगाला जेवू घालणाऱ्याच्या चुलीपुढची बाई फिकी पडत असेल, तर आपला हिशेब कुठेतरी चुकतो आहे. तो दुरुस्त करायला कोणाची परवानगी लागत नाही.