चावीच्या पोटातील सेल

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



गेल्या महिन्यात चिटणीसबाई आमच्या घरी आल्या आणि म्हणाल्या, "या वेळी वर्धापनदिनाला तुम्ही दहा मिनिटे बोलावयाचे." मी म्हटले, "बाई, मी सातवी शिकलेली. मला कुठले भाषण येते? हवे तर शंभर माणसांच्या पुरणपोळ्या लाटून देते." त्या काही ऐकेनात. मग विषय विचारला. मी म्हटले, मोटारीच्या चावीतला सेल कसा बदलावा. त्या हसल्या. आता तुम्हीही हसलात. हसा, मला राग नाही. मीसुद्धा आधी हसलेच असते.

आपले शहागड गोदावरीच्या काठचे आणि हमरस्त्यावरचे गाव. सोलापूर-धुळे रस्त्याच्या गाड्या रात्रंदिवस पुलावरून जातात. पूर्वी त्या आपण नुसत्या बघावयाच्या. आता उसाचे नाहीतर मोसंबीचे पैसे हाती आले की दारात जुनी का होईना, एक गाडी उभी राहते. आमचीही तशीच, दुसऱ्या हाताची. चालवितात घरातले पुरुष. पण चावी कोठे असते? ती असते आपल्या फडताळात, नाहीतर देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला. "अगं, चावी कुठे आहे?" हा प्रश्न दिवसातून चार वेळा आपल्यालाच विचारला जातो. चावी सांभाळणारणीला चावीची माहिती असू नये, हे मला तरी पटत नाही. आणि ते मला फार महाग पडले आहे, म्हणून येथे उभी आहे.

तीन वर्षांमागील श्रावणातील गोष्ट. आमच्या आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, दम्याचा विकार. रात्री साडेबाराला त्यांना धाप लागली. बोलता येईना, ओठ काळेनिळे पडू लागले. बाहेर पाऊस. हे शेतावर गेलेले, घरात मी, सूनबाई आणि मुलगा. त्याने चावी उचलली, अंगणात धावला आणि बटण दाबले. गाडी उघडेना. पुन्हा दाबले. हात वर करून दाबले, दारापाशी जाऊन दाबले. काही नाही. त्या चावीला दिसायला पातेच नव्हते. नुसता काळा गुळगुळीत ठोकळा आणि त्यावर तीन बटणे. मुलगा म्हणाला, "आई, गाडीची बॅटरीच उतरली वाटतं." १०८ ला फोन लावायचेसुद्धा त्या गोंधळात कोणाला सुचले नाही. शेवटी तो भिजत वेशीपर्यंत गेला, एका शेजाऱ्यांना उठविले आणि त्यांची जीप आणली. पूल ओलांडून गेवराईला पोचेपर्यंत अर्धापाऊण तास जास्तीचा गेला. आत्याबाईंचे डोके माझ्या मांडीवर होते. तेवढा वेळ मी त्यांचे श्वास मोजले. देवाच्या कृपेने त्या वाचल्या, आज पुढच्या रांगेत बसल्या आहेत. पण तो अर्धा तास मी विसरले नाही.

दुसऱ्या दिवशी मुलाने एका दुकानात विचारले. तेथील माणूस म्हणाला, चावी गेली, नवी घ्या, आठ हजार रुपये. कोणते दुकान ते सांगत नाही, सांगून काय करावयाचे? संध्याकाळी रस्त्यावरच्या गॅरेजमधला पोरगा आला. विशी-बाविशीचा असेल. त्याने तो काळा ठोकळा हातात घेतला, बाजूची नखाएवढी कळ सरकवली आणि आतून चक्क लोखंडी चावी बाहेर ओढली! चावीच्या पोटात चावी. दाराच्या मुठीपाशी एक टोपण होते, ते काढले, मागे भोक होते. चावी घातली, दार उघडले. "काकू, ही तर पहिल्यापासून तुमच्या हातातच होती," तो म्हणाला. मला रडू आले. त्याला वाटले, मी आनंदाने रडते आहे.

मग मी त्याला चहा दिला आणि म्हटले, "बाबा, हे सगळे मला समजावून सांग. मुलाला नको, मला सांग." त्याने सांगितले ते असे.

त्या ठोकळ्यात एक चपटा सेल असतो, नाण्यासारखा. बटण दाबले की त्या सेलवर रिमोट गाडीला संदेश पाठवितो आणि कुलूप उघडते. सेल संपला म्हणून गाडी मेली असे नव्हे. त्यात एक बारीक चिपसुद्धा असते. गाडीने ती ओळखल्याशिवाय इंजिन चालू होत नाही. त्या चिपला सेल लागत नाही. गाडीत तारेचे वेटोळे असते, त्याच्या अगदी जवळ चावी नेली की चिपला तेथूनच वीज मिळते. म्हणून बटण दाबून चालू होणाऱ्या बहुतेक गाड्यांत तो मेलेला रिमोटच चालू करण्याच्या बटणाला टेकवून धरावयाचा, की इंजिन चालू होते. काही गाड्यांत तो ठेवावयाची जागा वेगळी असते. ती गाडीसोबत मिळालेल्या पुस्तकात लिहिलेली असते. पुस्तक डिकीत पडून असते, ते एकदा काढून घरात ठेवावे. आणखी एक, लोखंडी चावीने दार उघडले तर काही गाड्यांचा भोंगा वाजू लागतो. घाबरू नये, गाडी चालू केली की तो थांबतो. आमच्या शेजारी हा भोंगा वाजला तेव्हा चोर आला म्हणून चार घरे काठ्या घेऊन उठली होती.

आता सेल बदलण्याची कृती. मी पहिल्यांदा केली तेव्हा हात थरथरत होते. आता शेवयांचे पीठ मळण्यापेक्षा सोपी वाटते. आधी पदराला हात पुसून कोरडे करावेत. खाली ताटात पांढरे फडके पसरावे, म्हणजे काही निसटले तर सापडते. आतली लोखंडी चावी ओढून काढावी. ती निघाली की ठोकळ्याच्या कडेला एक खाच दिसते. तिच्यात एक रुपयाचे नाणे किंवा चपट्या तोंडाचा लहान स्क्रू ड्रायव्हर घालून हलकेच पिरगाळावे. जोर करू नये. नारळ फोडावयाचा नाही. झाकण टक्‌ करून सुटते. काही ठोकळ्यांना बारीक स्क्रू असतो, तो आधी काढावा. आत हिरवी पट्टी दिसते, तिला बोट लावू नये.

सेल काढण्यापूर्वी नीट बघून घ्यावे की वर कोणती बाजू आहे. अधिकची खूण असलेली बाजू कोणाच्या रिमोटमध्ये वर असते, कोणाच्या खाली. मी पहिल्या वेळी हे बघितले नाही आणि उलटा बसवला. अर्धा तास मी सेल विकणाऱ्याला मनातल्या मनात शिव्या देत होते. आता मोबाईलवर आधी फोटो काढून ठेवते.

सेलवर आकडा असतो, तोच आकडा दुकानदाराला सांगावयाचा. आमचा सी.आर. २०३२. मला वाटले ही कंपनीची काही गुप्त खूण असेल. पण मुलाने सांगितले, सी म्हणजे लिथियम आणि मँगनीज डायऑक्साइडचा सेल, आर म्हणजे गोल, २० म्हणजे वीस मिलिमीटर रुंदी आणि ३२ म्हणजे तीन पूर्णांक दोन दशांश मिलिमीटर जाडी. कोणाचा २०२५ असतो, तो रुंदीला तेवढाच पण पातळ. कोणाचा १६३२, तो लहान. दाब सगळ्यांचा तीन व्होल्टच. पातळ सेल जाडाच्या जागी बसलासा वाटतो, पण सैल राहतो आणि रिमोट मधूनच चालतो, मधूनच नाही. मला नवा सेल साठ रुपयांना मिळाला. त्या आठ हजारांची आठवण ठेवा.

नवा सेल कडेने धरावा. दोन्ही तोंडांवर बोटे टेकवू नयेत. बोटांचा तेलकटपणा लागतो. चिमट्याने तर मुळीच धरू नये, दोन्ही बाजू लोखंडाने जोडल्या जातात आणि सेल वाया जातो. बसवून झाकण दाबावे आणि गाडीपाशी जाऊन बटण दाबून बघावे. सेल एकदम संपत नाही. आधी लांबून उघडेनासे होते, दोनदा दाबावे लागते, लहान दिवा मंद होतो. तेव्हाच बदलावा, श्रावणातील मध्यरात्रीची वाट बघू नये.

एवढ्यावर माझे भाषण संपले असते. पण खरे सांगावयाचे ते पुढेच आहे आणि त्यात दोष माझा आहे.

सेल बदलता येऊ लागल्यावर मला भूषण वाटू लागले. आळीतल्या दोघीतिघींच्या चाव्या मी उघडल्या. जुने सेल काय करावयाचे हे काही ठाऊक नव्हते. चांगली चकचकीत वस्तू फेकवेना, म्हणून दोन सेल मी फडताळातील सुपारीच्या वाटीत टाकले. संपलेलेच तर आहेत! गेल्या माघात एके दुपारी मी ताक घुसळीत होते. माझी नात, दोन वर्षांची, मागे खेळत होती. ती फार वेळ गप्प होती म्हणून वळून बघितले, तर वाटी पालथी आणि तिच्या गालात काहीतरी. बोट घालून काढले. सेल! हायसे वाटले आणि लगेच पोटात गोळा आला. सेल दोन होते. दुसरा कोठे? सुपारी चाळली, चटई झटकली, तिच्या मुठी उघडल्या. सापडेना. पोर हसत होती. सूनबाई पांढरी पडली. मी म्हटले, गेला असेल पोटात, तर घास घातला की पुढे सरकेल. आणि तिला केळे भरविले. जुन्या बाया नाणे गिळल्यावर करीत तसे.

दवाखान्यात डॉक्टरांनी सर्वांत आधी विचारले, "काही खायला घातले का?" आणि मग मला चांगलेच सुनावले. नाणे आणि सेल यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. सेल अन्ननलिकेत अडकला की ओल्या मांसातून वीज वाहू लागते. त्याच्या उण्या बाजूला कॉस्टिक सोड्यासारखा दाहक क्षार तयार होतो आणि तो आतून जाळीत जातो. दोन तासांतसुद्धा गंभीर भाजते. रिमोट चालविण्यापुरता दम राहिला नाही, तरी पोराचा गळा जाळण्यापुरता दम जुन्या सेलमध्ये असतो. मूल पुष्कळदा रडतही नाही. लाळ गळते, खोकला येतो, खाईनासे होते. लोकांना सर्दी वाटते. आमचा मुलगा नंतर म्हणाला की १८०० साली इटलीच्या व्होल्टा नावाच्या शास्त्रज्ञाने पहिली बॅटरी केली तीही अशीच, जस्ताच्या व चांदीच्या चकत्या आणि मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले कापड. ओल आली की वीज चालू. आपल्या नातीचा गळा हेच ते ओले कापड, हा विचार मनात आला आणि मला त्या रात्री झोप आली नाही.

फोटो काढला, तोंडापासून पोटापर्यंत. फोटोत सेल असेल तर नाण्यासारखे एक नव्हे, दोन वर्तुळे दिसतात. आम्ही बाकावर बसून होतो, ती वेळ कशी गेली ते सांगत नाही. फोटो स्वच्छ आला. दुसरा सेल घरी परतल्यावर पाटाखाली सापडला.

तेव्हा भगिनींनो, डॉक्टरांनी सांगितलेले नीट लक्षात ठेवा. सेल गिळला अशी नुसती शंका आली तरी ताबडतोब दवाखाना, सकाळची वाट बघावयाची नाही. वांती करवू नये. खायला-प्यायला देऊ नये. मूल एक वर्षापेक्षा मोठे असेल आणि गिळता येत असेल तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चहाचे चमचे मध द्यावा, सहा वेळांपर्यंत. त्याने जळणे जरा थोपते. पण मधासाठी घरी थांबू नये, आणि वर्षाच्या आतील बाळाला मध कधीच देऊ नये. नाकात किंवा कानात सेल घातला असेल तर तेल वा थेंब टाकू नयेत, तेथेही तो भाजतोच. सेलचा आकडा लिहिलेले पाकीट असेल तर सोबत न्यावे.

हे केवळ आमच्याच घरचे नव्हे. अमेरिकेत टेक्सासमध्ये रिमोटमधील असाच सेल गिळून दीड वर्षाची एक मुलगी डिसेंबर २०२० मध्ये गेली. तिच्या आईने पाठपुरावा केला आणि ऑगस्ट २०२२ मध्ये तेथे कायदा झाला, की सेलचे झाकण लहान मुलाला उघडता येऊ नये. ऑस्ट्रेलियात असे नियम त्याच वर्षी जूनपासून लागू झाले. मोटारीची चावी तर आपण रडणाऱ्या पोराला खुळखुळ्यासारखी देतो! मी देत होते. सेल वाजवता येणारे संगीताचे शुभेच्छापत्र, दिव्यांची खेळणी, वजनकाटा, ताप बघण्याचे यंत्र, यांतल्या पुष्कळ वस्तूंत असाच चपटा सेल असतो. घरी गेल्यावर एकदा मोजून बघा, आमच्याकडे नऊ निघाले.

जुन्या सेलचे मी आता असे करते. काढल्याबरोबर दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावते, म्हणजे एकाला एक लागून तापत नाहीत. चुलीत टाकीत नाही, फुटतो. घंटागाडीतही देत नाही. आपल्या देशात ऑगस्ट २०२२ पासून बॅटरीच्या कचऱ्याचे नियम आहेत; त्यांत जुने सेल इतर कचऱ्यात मिसळू नयेत असे आहे आणि ते गोळा करण्याची जबाबदारी बनविणाऱ्यांवर टाकली आहे. पण ते गोळा करावयास आपल्या दारात कोणी आलेले मी तरी पाहिले नाही. म्हणून मी ते फिरकीच्या झाकणाच्या बरणीत ठेवते आणि मुलगा छत्रपती संभाजीनगरला जाईल तेव्हा जुनी विजेची सामग्री घेणाऱ्या ठिकाणी पोचविते.

अध्यक्षाबाईंची परवानगी घेऊन ती बरणी आज येथे आणली आहे, त्या टेबलावर, हळदीकुंकवाच्या तबकाशेजारी. मंडळाच्या कपाटात वरच्या खणात ती कुलपात राहील आणि किल्ली चिटणीसबाईंकडे. ज्यांच्या घरी सुपारीच्या वाटीत, बटणांच्या डब्यात, देव्हाऱ्याच्या खणात असे सेल पडले असतील, त्यांनी पुढच्या गुरुवारी घेऊन यावेत. ज्यांना चावी उघडता येत नसेल त्यांनी चावीही आणावी. नाणे मी घेऊन येते.