दम्याचा पंप आणि मुलांची उंची
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



दमा असलेल्या मुलाला पंप लिहून दिला की आई हमखास विचारते, "डॉक्टरसाहेब, यात स्टेरॉइड असतं म्हणतात. पोराची उंची खुंटेल का?" मुलगी असेल तर या प्रश्नामागे तिच्या लग्नाची काळजीही असते. प्रश्न रास्त आहे. "छे, काहीच होत नाही" असे उत्तर मी देत नाही, कारण ते पूर्ण खरे नाही.

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारखी एकेक लहान ग्रंथी असते. तिच्यातून कॉर्टिसॉल नावाचे हार्मोन रक्तात मिसळते. स्टेरॉइड हे त्याच जातीचे औषध होय. दम्यात श्वासनलिका आतून सुजतात, ती सूज हे औषध उतरवते. गोळी रक्तातून सर्व शरीरभर फिरते. पंपातील औषध मात्र थेट छातीत जाते, म्हणून फार थोडे पुरते. गोळीचे माप मिलिग्रॅममध्ये असते, तर पंपाचे मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागात.

आता उंचीविषयी. अमेरिका व कॅनडात ५ ते १२ वर्षे वयाच्या १,०४१ दमेकरी मुलांचा चार ते सहा वर्षे अभ्यास झाला. काहींना ब्युडेसोनाइडचा पंप रोज ४०० मायक्रोग्रॅम दिला, तर काहींना औषध नसलेला पंप. २००० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. पंपातून ब्युडेसोनाइड घेणाऱ्या मुलांची उंची सरासरी १.१ सेंटिमीटरने कमी वाढली होती आणि हा फरक मुख्यतः पहिल्या वर्षातच पडला होता. ती मुले मोठी झाल्यावर पुन्हा मोजली. २०१२ साली दिसले की फरक १.२ सेंटिमीटर होता. तो भरून निघाला नाही, पण वर्षागणिक वाढतही गेला नाही. एका बोटाच्या रुंदीपेक्षाही तो कमी आहे. उलट, याच मुलांवर दवाखान्यात दाखल होण्याची पाळी कमी वेळा आली.

याची दुसरी बाजू पाहा. आटोक्यात नसलेला दमा स्वतःच मुलाची वाढ मंदावतो, वयात येणेही लांबवतो. माझ्याकडे सहावीतली एक मुलगी येत असे. उंचीच्या भीतीने घरच्यांनी तिचा पंप बंद केला. पावसाळ्यात एका रात्री तिला आणले तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते, एक शब्द बोलवत नव्हता. ती वाचली. परंतु त्यासाठी तिला स्टेरॉइडच्या गोळ्या द्याव्याच लागल्या.

येथे थोडे गणित करू. वीस किलो वजनाच्या मुलाला मोठ्या झटक्यात रोज साधारण २० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन पाच दिवस देतात. एकूण १०० मिलिग्रॅम, म्हणजे एक लाख मायक्रोग्रॅम. रोज २०० मायक्रोग्रॅमच्या हिशेबाने पंपातून एवढे औषध जायला ५०० दिवस लागतील! दोन्ही औषधे वेगळी आहेत, त्यामुळे ही तुलना काटेकोर नव्हे. तरीही ज्याला भिऊन पंप सोडला, तेच मोठ्या प्रमाणात घ्यावे लागले, हे ध्यानात घ्या.

जपायचे ते कोठे? मोठी मात्रा दीर्घकाळ घेतल्यास मूत्रपिंडावरील ग्रंथी आपले काम मंद करते. अशा वेळी औषध एकाएकी थांबवले तर उलट्या, गळाठा, रक्तातील साखर उतरणे असे धोके संभवतात. म्हणून मात्रा आपल्या मनाने वाढवू नका आणि एकदम बंदही करू नका. नाकातला फवारा किंवा त्वचेचे मलम चालू असेल तर डॉक्टरांना सांगा. त्यांतही स्टेरॉइड असू शकते. दम्यावर "रामबाण" म्हणून मिळणाऱ्या निनावी पुड्यांपासून दूर राहा. तशा पुड्यांत चोरून स्टेरॉइड मिसळलेले आढळले आहे.

घरी एवढे करा. पंप स्पेसर लावूनच द्या आणि नंतर चूळ भरायला लावा. दर तीन महिन्यांनी दाराच्या चौकटीवर मुलाची उंची तारखेसह लिहा आणि तो हिशेब डॉक्टरांना दाखवा. तीन महिने दमा शांत राहिला तर मात्रा कमी करता येईल का, ते अवश्य विचारा. दम्याला पुरेल तेवढीच, कमीत कमी मात्रा हे आपले धोरण. रमजानमध्ये रोजे ठेवणाऱ्या मोठ्या मुलांनीही पंप सोडू नये. दिवसातून दोनदा घ्यायचा पंप सहेरीच्या वेळी आणि इफ्तारनंतर घेता येतो. पण धाप लागली तर आराम देणारा पंप तत्काळ घ्यावा; आजाऱ्याला रोज्याची सवलत आहे.

विद्यार्थी मित्रांनो, पंप दप्तरात लपवू नका. चष्मा लावण्यात लाज नाही, तशी यातही नाही. अल्लाह तुम्हा सर्वांना मोकळा श्वास देवो.