उलटलेला रक्तकर्क आणि औषधांची चाचणी



लहान मुलांच्या रक्तकर्काचा प्रश्न वैद्यकाचा, हे खरे. पण त्यावरचे नवे औषध कोण तपासणार आणि केव्हा, हा प्रश्न अर्थशास्त्राचा आहे.

सिडनी फार्बर यांनी बोस्टनमध्ये १६ मुलांना अमिनोप्टेरिन दिल्याचा अहवाल १९४८ साली प्रसिद्ध केला. त्यांपैकी १० मुलांत सुधारणा दिसली, ती तात्पुरती ठरली. हे द्रव्य आंध्रच्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या मार्गदर्शनाखालील प्रयोगशाळेतून आले होते. आज संपन्न देशांत तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाची सुमारे ९० टक्के मुले बरी होतात, आणि तीही बव्हंशी जुन्याच औषधांच्या मिश्रणांनी. ही मिश्रणे बसविण्यात सरकारी निधीवर चालणाऱ्या संशोधक-गटांचा वाटा फार मोठा आहे.

उरतात ती, ज्यांचा रोग पुन्हा उलटतो. क्लोफॅराबिनचे उदाहरण घ्यावे. ज्यांच्यावरचे अनेक उपचार थकले होते अशा ६१ रुग्णांवर ते तपासले गेले. रोग पूर्ण वा अंशतः मागे हटला तो ३० टक्क्यांत. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. अशा मुलांना कोणते औषध नाकारून तुलना करावयाची? डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकेने त्यास त्वरित मान्यता दिली. मुलांच्या रक्तकर्कासाठीच मान्य झालेले असे नवे औषध तेथे दहा वर्षांहून अधिक काळानंतर आले होते.

हा विलंब कशाचा? रोगी थोडे, म्हणून गिऱ्हाईक थोडे. औषध आधी प्रौढांत तपासावे, पैसा वसूल करावा, मुलांचे मग पाहू, हा बाजाराचा हिशेब. त्यात दुष्टपणा शोधण्याचे कारण नाही. भांडवल असेच चालते. म्हणूनच अमेरिकेसारख्या बाजारनिष्ठ देशालाही २०१७ साली कायदा करावा लागला: मुलांच्या कर्करोगाशी संबंधित लक्ष्यावर काम करणारे प्रौढांचे नवे औषध मुलांतही तपासणे कंपनीवर बंधनकारक. त्याचा अंमल ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाला. आणि २०१९ साली तेथेच व्हिन्क्रिस्टिनसारख्या जुन्या, स्वस्त औषधाचा तुटवडा पडला, कारण दोन उत्पादकांपैकी एकाने उत्पादन बंद केले होते!

चाचणीच्या पहिल्या टप्प्याचा मुख्य हेतू सोसवेल असा डोस ठरविण्याचा असतो, रोग बरा करण्याचा नव्हे. आईबाप मात्र सही करतात ती मूल वाचेल या आशेने. जेथे नेहमीच्या उपचारासाठी शेत गहाण पडते, तेथे चाचणीतले औषध फुकट मिळणे हेच आमिष ठरते. अशा संमतीला स्वेच्छेची संमती म्हणणे ही भाषेची चैन आहे. चाचण्या थांबविणे हा त्यावरचा उपाय खचित नव्हे. तसे केल्यास मुलांवर न तपासलेलीच औषधे अंदाजाने वापरली जातील. चाचणीत सामील न होणाऱ्या मुलालाही प्रमाणित उपचार मोफत मिळाले पाहिजेत, आणि सार्वजनिक पैशावर झालेल्या चाचणीचा निकाल व औषधाची किंमत यांवर सार्वजनिक हक्क राहिला पाहिजे. पक्षाच्या आरोग्यविषयक मागण्यांत ही दोन कलमे हवीत.

मुंबईच्या आयआयटीने व टाटा स्मारक रुग्णालयाने विकसित केलेल्या पेशी-उपचारास ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. परदेशी उपचाराच्या मानाने त्याची किंमत पुष्कळच कमी. अभिमान वाटावा असेच ते काम. परंतु ती मान्यता होती १५ वर्षे व त्यावरील वयाच्या रुग्णांपुरती, आणि हा रोग सर्वाधिक आढळतो तो दोन ते पाच वर्षांच्या मुलांत.