पंचवीस फेऱ्यांचा धडा

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात रामदासपेठ, नागपूर येथे केलेले भाषण)



आताच आपल्या गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार झाला. टाळ्या वाजविताना आमच्या मनात एक विचार येऊन गेला. व्यासपीठावर आलेल्या मुलामुलींपैकी प्रत्येकाच्या नावापुढे शेकडा गुण वाचले गेले. कोण किती धावले, कोण किती पोहले, याचा उल्लेख एकदाही झाला नाही. हा दोष कार्यवाहांचा नव्हे. आपण सर्वांनी मिळून घालून दिलेली ही रीत आहे. म्हणून आज आम्ही एका धावणाऱ्या स्त्रीच्या पराक्रमाचे स्मरण करणार आहोत. ती आपल्या ज्ञातीची नाही, हे प्रारंभीच सांगून टाकतो. तिचे स्मरण आपण का करावे, हे शेवटी आपणच ठरवावे.

नाशिक जिल्ह्यात हरसूलच्या बाजूस सावरपाडा नावाचा एक लहानसा आदिवासी पाडा आहे. डोंगराळ मुलूख, पाऊस मुबलक. परंतु उन्हाळा लागला की पिण्याच्या पाण्यासाठी पायपीट ठरलेली. या पाड्यावर 1985 साली कविता राऊत यांचा जन्म झाला. पाण्याला जाणे आणि शाळेला जाणे हाच त्यांचा पहिला सराव. इतर खेळांना साहित्य लागते, धावण्याला पायांखेरीज काही लागत नाही, म्हणून त्यांनी धावणे निवडले; आणि आरंभीची त्यांची धाव अनवाणीच होती. पुढे नाशिक येथे विजेंदर सिंग या प्रशिक्षकांनी त्यांच्या पायांतील गुण ओळखला आणि त्यांस शिस्तीचे शिक्षण दिले. पाहता पाहता लोक त्यांस ‘सावरपाडा एक्सप्रेस’ म्हणू लागले.

ऑक्टोबर 2010 मध्ये दिल्लीस राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा भरल्या. दहा हजार मीटरची शर्यत म्हणजे चारशे मीटरच्या मैदानाला पंचवीस फेऱ्या. केनियाच्या दोन धावपटू पुढे निघून गेल्या. त्यांच्या मागे तिसऱ्या क्रमांकाने कविता राऊत आल्या. वेळ 33 मिनिटे 5.28 सेकंद. राष्ट्रकुल स्पर्धांत धावपट्टीवरील वैयक्तिक पदक मिळविणारी पहिली भारतीय स्त्री हा मान त्या दिवशी सावरपाड्याच्या वाट्यास आला. पुढच्याच महिन्यात चीनमधील ग्वांगझू येथे आशियाई स्पर्धांत त्याच अंतरात त्यांनी रौप्यपदक मिळविले. सुवर्णपदक केरळच्या प्रीजा श्रीधरन यांस मिळाले, आणि पंचवीस फेऱ्यांनंतर या दोघींतील अंतर एका सेकंदाहूनही कमी होते! पाच हजार मीटरचे कांस्यपदकही कविताबाईंनी तेथेच मिळविले. 2012 साली त्यांस अर्जुन पुरस्कार देण्यात आला, आणि 2016 साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये त्या मॅरेथॉन धावल्या.

या यशाचे मोल कळावयाचे असेल तर थोडे मागे जावे लागेल. 1928 साली ॲमस्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये स्त्रियांस प्रथमच आठशे मीटर धावू दिले गेले. अंतिम शर्यतीत नऊ जणी होत्या. जर्मनीच्या लीना राडके पहिल्या आल्या, जपानच्या किनुए हितोमी दुसऱ्या. नऊही जणींनी शर्यत पूर्ण केली. तथापि शर्यतीनंतर काही जणी थकलेल्या दिसल्या, एवढ्यावरून वृत्तपत्रांनी हाकाटी केली की हे श्रम स्त्रीदेहास झेपणारे नव्हेत. शर्यतीनंतर पुरुषही धापा टाकीत जमिनीवर पडतात. त्यावर मात्र कोणी अग्रलेख लिहिला नाही. परिणाम असा झाला की, स्त्रियांची आठशे मीटरची शर्यत ऑलिंपिकमधून जी गेली, ती 1960 सालीच परतली. बत्तीस वर्षे! मॅरेथॉनसाठी त्यांस 1984 पर्यंत थांबावे लागले. पुरुष 1912 पासून जी दहा हजार मीटरची शर्यत धावत होते, ती स्त्रियांस 1988 मध्ये मिळाली. अमेरिकेत बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये 1967 साली कॅथरीन स्वित्झर या तरुणीस भर रस्त्यात एका अधिकाऱ्याने हाताने ओढून शर्यतीबाहेर काढण्याचा प्रयत्न केला. ती थांबली नाही, शर्यत पूर्ण करूनच राहिली. स्त्रियांस तेथे रीतसर प्रवेश 1972 साली मिळाला.

पाश्चात्त्यांच्या या कथा ऐकून आपणांस हसू येईल. परंतु हसण्यापूर्वी आमच्या घरची एक गोष्ट ऐकावी.

आमची कन्या शाळेत असताना लांब अंतराच्या शर्यतीत नेहमी पुढे असे. पहाटे उठून ती लेंड्रा पार्काकडे जाई आणि उजाडता उजाडता घामाघूम होऊन परत येई. ती दहावीस गेली तेव्हा आम्ही तिचे बूट एका पिशवीत बांधून माळ्यावर टाकले. ‘आता अभ्यास. शिवाय आता तू मोठी झालीस, अंधारात एकटीने जाणे बरे नव्हे,’ एवढेच आम्ही म्हणालो. ती रडली नाही, भांडली नाही. आम्हांस वाटले, मुलगी समजूतदार आहे. गेल्या दिवाळीत माळा आवरताना ती पिशवी निघाली. माहेरपणास आलेल्या कन्येने बूट हातात घेतले, त्यावरची धूळ पदराने पुसली आणि म्हणाली, ‘बाबा, माझ्याबरोबर कोणी आले असते, तर मी गेले असते.’ ज्ञातिबंधूंनो, आम्ही तिला बोस्टनच्या त्या अधिकाऱ्याप्रमाणे हाताने ओढले नव्हते. परंतु थांबविले आम्हीच! आणि ज्या कारणासाठी थांबविले, ते दूर करणे आमच्याच हाती होते. अर्धा तास लवकर उठावयाचे होते, एवढेच.

म्हणून मंडळापुढे आम्ही दोन सूचना नम्रपणे ठेवतो. पहिली सूचना पैशाची नाही, सोबतीची आहे. आपल्यात निवृत्त मंडळी पुष्कळ आहेत, आणि पहाटे फिरावयास जाण्याचा परिपाठ बहुतेकांचा आहे. प्रत्येक वस्तीतील दोघा-तिघांनी पाळी लावून घ्यावी आणि धावू इच्छिणाऱ्या मुलींबरोबर मैदानावर जावे. धावण्याची सक्ती आपणांवर नाही; बाकावर बसून राहिले तरी पुरे. दुसरी सूचना अशी की, गुणगौरवात यापुढे मैदानावरील कर्तृत्वासही स्थान असावे, आणि चांगले बूट, पौष्टिक आहार व प्रशिक्षकाचे शुल्क यांसाठी मंडळाने एक लहानसा निधी राखून ठेवावा.

या निधीसंबंधी एक कठीण गोष्ट बोलणे भाग आहे. आपला पैसा आपल्याच मुलींसाठी, असे कोणी म्हणेल, आणि मंडळाची घटना पाहता ते गैर नाही. परंतु सावरपाड्याच्या मुलीस शिकविताना प्रशिक्षकाने जात विचारली नाही, आणि पदक मिळाले तेव्हा टाळ्या वाजविताना आपणही विचारली नाही. ज्या मैदानावर आपल्या मुली धावतील, तेथेच आपल्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईची मुलगी अनवाणी धावत असेल, तर एक जोडी बूट तिलाही द्यावे. पहाटेची सोबत तर एकीला दिली काय आणि चौघींना दिली काय, सारखीच.

कविताबाईंनंतर साताऱ्याच्या माण तालुक्यासारख्या दुष्काळी मुलखातून ललिता बाबर पुढे आल्या. 2016 च्या ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटरच्या अडथळ्यांच्या शर्यतीत त्या अंतिम फेरीत धावल्या आणि दहाव्या आल्या. एकीने वाट पाडली की मागून येणारीस ती थोडी सोपी होते. नागपुरात मैदाने आहेत, तलावांभोवतीचे रस्ते आहेत, सुखवस्तू आणि सुशिक्षित कुटुंबे आहेत. सावरपाड्यात यांपैकी काय होते?

असो. आपला फार वेळ घेतला. आमची नात आता नऊ वर्षांची आहे. सुटीत ती नागपूरला आली म्हणजे तिला पहाटे मैदानावर नेण्याचे आम्ही कबूल केले आहे. ज्यांस सोबत यावयाचे असेल, त्यांनी सभा संपताच आपले नाव कार्यवाहांकडे द्यावे. पहिले नाव आम्ही लिहून ठेवले आहे.