एकाच शब्दाची दोन टोके

इंग्रजीतील ‘क्लीव्ह’ या क्रियापदाचा एक अर्थ चिरणे, दुभंगणे. दुसरा घट्ट चिकटून राहणे. खाटकाचा सुरा तो ‘क्लीव्हर’, दुभंगलेला टाळू तो ‘क्लेफ्ट पॅलेट’. उलट बायबलच्या 1611 च्या इंग्रजी भाषांतरात पती पत्नीला ‘क्लीव्ह’ करतो, म्हणजे तिच्याशी एकरूप होतो. अशा शब्दांना ‘कंट्रॉनिम’ किंवा, दोन तोंडांच्या रोमन देवावरून, ‘जेनस शब्द’ म्हणतात.

‘क्लीव्ह’मधला विरोध मात्र वरवरचा आहे. जुन्या इंग्रजीत चिरण्यासाठी ‘क्लेओव्हन’ आणि चिकटण्यासाठी ‘क्लिव्हियन’ अशी दोन निराळी क्रियापदे होती. उच्चार झिजत गेले आणि दोघांचे रूप एक झाले. ‘लेट’चेही तसेच. होऊ देणे आणि अडवणे यांसाठी पूर्वी वेगवेगळे शब्द होते. अडवण्याचा अर्थ शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मध्ये जिवंत आहे, आज तो दोन-तीन कोपऱ्यांत उरला आहे. टेनिसमध्ये सर्व्हिस जाळीला लागून योग्य चौकटीत पडली की ‘लेट’ पुकारतात. भारतीय पासपोर्टवर राष्ट्रपतींच्या नावे धारकाला विना अडथळा जाऊ देण्याची जी विनंती छापलेली असते, तिच्या इंग्रजी मजकुरातला ‘लेट’ हाच. परवानगी मागणाऱ्या वाक्यात परवानगीवाचक वाटणारा शब्द अडथळ्याच्या अर्थाने यावा, ही गंमत क्वचितच कुणाच्या ध्यानात येते.

खरे कुतूहल एकाच मुळातून फुटलेल्या शब्दांचे. ‘फास्ट’ म्हणजे मुळात पक्का, न हलणारा. साडीचा रंग ‘फास्ट’ असतो तो याच अर्थाने. घट्टपणे, मग जोर लावून, मग जोराने धावणे, आणि शेवटी वेगाने, अशा पायऱ्यांनी स्थिर शब्द धावू लागला. ‘सँक्शन’चा प्रवास कायद्यातून झाला. लॅटिन ‘सांक्तिओ’ म्हणजे कायद्याला दिलेले पवित्र बळ. त्या बळात मंजुरीही आली आणि कायदा मोडल्यास होणारी शिक्षाही. म्हणून बँकेत कर्ज ‘सँक्शन’ झाले की पेढे वाटतात. राष्ट्रसंघाने 1935 साली इटलीवर ‘सँक्शन्स’ लादले, तेव्हा ते निर्बंध होते. ‘डस्ट’चे कोडे त्याहून सोपे: नामाचे क्रियापद केले, पण धूळ झटकायची की भुकटी फवारायची, हे वाक्यावर सोडले.

या घोळावरून मोठे सिद्धान्तही रचले गेले. आदिम शब्दांत परस्परविरुद्ध अर्थ एकत्र नांदत असत, असे कार्ल आबेल यांनी 1884 मध्ये मांडले. फ्रॉइड यांनी 1910 च्या निबंधात त्याचा संबंध स्वप्नांशी जोडला. आबेल यांच्या व्युत्पत्त्याच कच्च्या असल्याचे एमिल बाँवनिस्त यांनी 1956 मध्ये दाखवले, आणि सिद्धान्ताचा पाया ढासळला. अर्थात ही घटना इंग्रजीपुरती नाही. संस्कृत ‘आरात्’ या अव्ययाचे दूर आणि जवळ असे दोन्ही अर्थ अमरकोशाने नोंदवले आहेत.

व्यवहारात गोंधळ फारसा होत नाही, कारण संदर्भ वाट दाखवतो. संदर्भ एकच असला, की मात्र पंचाईत. ब्रिटिश संसदेत एखादा विषय ‘टेबल’ करणे म्हणजे चर्चेला घेणे. भारतातही कागदपत्रे ‘सभागृहाच्या पटलावर’ ठेवतात, ती त्याच परंपरेने. अमेरिकेत ‘टेबल’ करणे म्हणजे विषय बाजूला टाकणे. डिसेंबर 1941 मध्ये सुरू झालेल्या वॉशिंग्टनच्या युद्धपरिषदेत ब्रिटिश सेनाधिकाऱ्यांना एक टिपण तातडीने ‘टेबल’ करायचे होते. अमेरिकनांना विषय महत्त्वाचा वाटत होता, म्हणूनच त्यांनी कडाडून विरोध केला. बरीच खडाजंगी झाल्यावर दोघांनाही एकच गोष्ट हवी असल्याचे उघड झाले. चर्चिल यांनी युद्धाच्या इतिहासात हा प्रसंग नोंदवून ठेवला आहे.